सरदार, तुला घेता आलं नाही

सरदार,

तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ झालेत. तू गेल्यापासून घरात तेच चाललंय. ट्रान्सपोर्टवाले येतात, बंदरावरचे ड्रायव्हर येतात, माझ्या माहेरची माणसं येतात, सोफ्याच्या कडेवर टेकतात, चहा घेतात आणि म्हणतात, "वहिनी, देवमाणूस होता." मी मान हलवते. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तेव्हा ते काम मी करणार नाही. मी भांडायला बसले आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. ही तुझी जुनीच खोड.

आपलं लग्न झालं तेव्हा तुझ्या बहिणीने मला बाजूला घेऊन समजावलं होतं, की नवऱ्याला 'तुसीं' म्हणावं, 'तू' म्हणू नये, शोभत नाही. मी तिला म्हटलं, आमच्या खारेपाटातल्या आगऱ्यांत देवालासुद्धा अरे-तुरे करतात, हा कोण लागून गेला? तू दाढीतल्या दाढीत हसलास. तेव्हा मला तुझं ते हसणं फार आवडायचं. पुढे त्याच हसण्याने तू माझा जीव खाल्लास.

तू पहिल्यांदा आमच्या दारात आलास तो मीठ भरायला. खाडीच्या बांधावरून परत निघताना तुझ्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि पनवेलहून नवा पाटा येईपर्यंत तू तिथेच अडकलास. पगडीवाला माणूस उन्हात मिठाच्या राशीशेजारी बसलेला बघून माझ्या आईला राहवलं नाही. तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पाठवलं. मीच घेऊन आले होते. तू जेवलास, ताटली खाडीच्या पाण्याने नाही, तुझ्या पिण्याच्या पाण्याने धुऊन दिलीस आणि संध्याकाळी कुणी न सांगता आमच्या गोण्या पाठीवर घेऊन शेडमध्ये टाकायला लागलास. आई ओरडली, "आरं, भाकर खाल्लीस तं खाल्लीस! तुना कोनी सांगलं मजुरी कराला?" तू म्हणालास, "मौसी, मैं खाली हाथ नहीं खाता." आईने ही गोष्ट आख्ख्या गावाला सांगितली. मला तर तू तेव्हाच आवडलास. आमच्या आसपासचे पुरुष बघितले होते मी, फुकटचा चहासुद्धा न सोडणारे. त्यांच्यापुढे तू फार उंच वाटलास.

इतक्या वर्षांनी कळतंय की आईने विचारलं तेच बरोबर होतं. भाकरी खाल्लीस तर खाल्लीस, त्यात लगेच पाठ वाकवायची काय गरज होती? पण तुला एक भाकरी घशाखाली उतरवता येत नव्हती, जोवर तिची भरपाई होत नव्हती.

आठवून बघ. शेजारच्यांनी आंब्याची पाटी आणून दिली की संध्याकाळच्या आत त्यांच्या घरी तुपाचा डबा. माझ्या भावाने दिवाळीला तुला शर्ट आणला, तर त्याच जागी बसल्या बसल्या तू मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात घातलंस. बिचारा रडकुंडीला आला. मला म्हणाला, "ताई, दाजीला काय द्याचीच चोरी झाली." खरंच होतं ते. लोकांना तुला काही द्यायची धास्ती वाटायची. मी तुला वाढदिवसाला काही आणायचं कधीच सोडून दिलं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी त्याहून मोठं काहीतरी यायचं आणि माझी वस्तू कोपऱ्यात पडायची.

आणि तरी तू लोकांना काय शिकवायचास? गुरुद्वाऱ्यात.

हायवेच्या कडेचा तो गुरुद्वारा तुम्ही ड्रायव्हर लोकांनी पत्रे ठोकून उभा केला, हे मी स्वतः पाहिलंय. पहिल्या दिवसापासून लंगरचा कारभार तुझ्याकडे. मी तिथे यायला लागले तेव्हा मला काही कळायचं नाही. तूच समजावलंस, पंगतीत सगळे एका रांगेत जमिनीवर बसतात, मालक असो की क्लीनर. आणि पोळी, म्हणजे तुमच्यात तिला प्रशादा म्हणतात, ती ताटात टाकून घ्यायची नाही. दोन्ही हात पुढे करून ओंजळीत घ्यायची. नवखं कोणी एक हात पुढे केला की तू वाढता वाढता थांबायचास. "दोनों हाथ, भाई साब." माझ्या गावच्या पोरीबाळींना तर तू आगरीत सांगायचास, "दोनी हात, बाय, दोनी हात! मांगाला लाजाचं न्हाय." पंजाबी घशातून निघालेली ती आगरी ऐकून सगळी पंगत हसायची.

मी एकदा विचारलं, दोन्ही हात कशाला? तू म्हणालास, एक हात पुढे केला की दुसऱ्या हाताशी माणूस आपला 'मी' धरून ठेवतो. दोन्ही हात पुढे केले की 'मी' धरायला काही उरत नाही. हौमैं म्हणायचास तू त्या 'मी'ला. माणसाचं मोठं दुखणं तेच, आणि त्यावर औषध एकच, वरून जे येईल ते गोड मानून घेणं, भाणा मानणं. चांगलं समजावायचास. मी हिंदू घरातली, माझी गावदेवी सोडून कुणापुढे मान न तुकवणारी, पण ते ऐकून मलाही पटायचं. हेही इथे सांगायला हवं, की माझ्या देवीला तू कधी घराबाहेर काढायला सांगितलं नाहीस. नवरात्रात माझ्या घटाला पाणी तूच घालायचास, मी पाळीत असले की. बाकी कितीही रागावले तरी तेवढं मी तुझ्याकडून काढून घेणार नाही.

पण पंगतीत बसलेला सरदार कुणी पाहिला? मी तरी नाही. तू कायम वाढणारा. सगळे जेवून उठले, भांडी निघाली, की तू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या उभ्या उरलेलं खायचास. लोक म्हणायचे, काय नम्रपणा! आपली मुलगी जस्सी लहान होती तेव्हा तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पप्पा, तुम्ही का नाही बसत?" तू तिला उचलून खांद्यावर घेतलंस आणि विषय बदललास. पोरीचा प्रश्न बरोबर होता. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो उचलून खांद्यावर घ्यायचा, ही तुझी पद्धत.

आता ते बुटांचं प्रकरण. त्यावरून आजही गुरुद्वाऱ्यात पाठ सांगणाऱ्या ग्यानीजींच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून मी मुद्दाम काढते. बंदराच्या युनियनमधल्या एका पुढाऱ्याने मीटिंगमध्ये तुला सगळ्यांदेखत सुनावलं, बाहेरून आलास तर बाहेरच्यासारखा राहा. पुढे गुरुपुरबाला, गुरूंच्या जयंतीला, तो गुरुद्वाऱ्यात आला, तर तू जोड्यांच्या खोलीत जाऊन बसलास, त्याचे बूट हुडकून काढलेस, स्वतःच्या खांद्यावरच्या परन्याने पुसलेस आणि तो बाहेर पडला तेव्हा वाकून त्याच्या पायाशी ठेवलेस. तो माणूस लालबुंद झाला. बायका डोळे पुसायला लागल्या. ग्यानीजी म्हणाले, याला म्हणतात हौमैं मारणं.

आणि घरी येताना गाडीत तू शीळ घालत होतास.

मी म्हटलं, "सरदार, खुशीत हायस."

"सेवा की है, सुगंधे. मन हल्का हुआ."

"सेवा न्हाय केलीस. तू त्याला चारचौघांत झोपवलास."

तू इतका हसलास की गाडी बाजूला घ्यावी लागली. तेव्हा तुला माझं म्हणणं पटलं होतं. त्या दिवशी मला तू सगळ्यांत जास्त आवडलास, कारण पकडला गेलास आणि मान्य केलंस. मग नंतर, जेव्हा खरी वेळ आली, तेव्हा का नाही मान्य केलंस?

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा तू माझ्या आधी सावरलास. पनवेलला डायलिसिस सुरू झालं. मी डबा घेऊन बाहेर बाकावर बसायचे, आणि तू आत शेजारच्या पेशंटांना हसवायचास. नर्स म्हणायच्या, अंकल आले की वॉर्डात जरा बरं वाटतं. मग डॉक्टरबाईंनी आपल्याला बसवून सांगितलं, की हे कायमचं नाही चालणार, दुसरी किडनी बसवणं हाच मार्ग आहे, घरातलं कोणी देणारं आहे का? मी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, खरंच. मला तपासलं. रक्तगट जुळला, पुढचंही सगळं जुळलं. बाई म्हणाल्या, नशीब आहे तुमचं, नवरा-बायकोचं इतकं चांगलं जुळलेलं बघून बरं वाटतं. मला वाटलं, आता सुटलो.

तू म्हणालास, "नहीं."

बाईंना वाटलं, तू घाबरलास. त्या ऑपरेशन समजावायला लागल्या. तू हात जोडलेस आणि म्हणालास, "डॉक्टरजी, जितनी उमर दी है उतनी बहोत है. उसका भाणा."

त्या दिवसापासून घरात जे चाललं ते शेजाऱ्यांनीही ऐकलंय, त्यामुळे लपवायचं काही नाही. मी तुला विचारलं, दाढ किडली तेव्हा पेणला दाताच्या डॉक्टरकडे कसा पळत गेलास? तेव्हा भाणा कुठं गेला व्हता? टायर फुटला तर भाणा म्हणून हायवेवर बसून राहतोस का? आख्खी हयात तू एका गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत घालत आलास, भंगारातून इंजिनं उचलून मेलेले ट्रक उठवलेस, आणि स्वतःच्या अंगात एक सुटा भाग घालायची वेळ आली तर वाहेगुरू आठवला? तू ऐकून घेतलंस आणि ते हसू हसलास. मी स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. तू उठून तो उचललास, धुतलास आणि जागेवर ठेवलास. त्याच्याहून तू मला एक थोबाडीत मारली असतीस तर बरं वाटलं असतं.

जस्सी दिल्लीहून आली, रडली, भांडली आणि रडत परत गेली. शेवटी मी ग्यानीजींकडे गेले. ते म्हातारे झालेत, गुडघे दुखतात, तरी रिक्षा करून आले, तुझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "हरबंस सिंघ, इलाज करवाना कोई बेअदबी नहीं है. घर से मिल रहा है, प्यार से मिल रहा है, लेने में क्या हर्ज है?" तू दोन्ही हात जोडून, मान खाली घालून म्हणालास, "सत बचन, ग्यानीजी."

मी वेडी. मला वाटलं सत बचन म्हणजे होकार. मी आतल्या खोलीत जाऊन जस्सीला फोन केला, दोघी मायलेकी फोनवर रडलो, हॉस्पिटललाही कळवलं. सकाळी चहा पिताना तू म्हणालास, "ग्यानीजी ठीक बोले. पर मेरा मन नहीं है." इतकं सरळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मान खाली घालणं तुला उत्तम जमतं. त्या खाली घातलेल्या मानेने तू आयुष्यात कुणाचंही ऐकलेलं नाहीस.

ग्यानीजींना सांगायला गेले तर त्यांनी मलाच धरलं. म्हणाले, "बीबी, उसे लेना नहीं है, आपको देना ही है. दोनों तरफ मैं-मैं है." मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "असंल ग्यानीजी. पण माझी मैं-मैं त्याला जगवाची हाय." त्यांनी मला कडा प्रशाद, तुमचा तो शिरा, दिला.

आणि मग तो दिवस, ज्याच्याबद्दल तू पुन्हा कधी बोलला नाहीस. डायलिसिस चालू होतं, दुपारची वेळ, त्या दिवशी मला आत बसू दिलं होतं. नळीतून तुझं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. मी तुझे पाय चेपत होते. तुझे डोळे मिटलेले, मला वाटलं झोप लागली. तू डोळे न उघडता म्हणालास, आणि पंजाबीत नाही, हिंदीत नाही, माझ्या आईच्या बोलीत म्हणालास, "सुगंधे, तुजं घेतलं तं मी फेडू कसा?"

माझे हात थांबले. म्हणजे हे होतं. वाहेगुरू नव्हता, भाणा नव्हता, वरून जे येईल ते गोड मानणं नव्हतं. भाकरीच्या बदल्यात गोण्या उचलता येतात, शर्टाच्या बदल्यात घड्याळ देता येतं, पण बायकोच्या पोटातल्या तुकड्याच्या बदल्यात द्यायला तुझ्याकडे काहीच नव्हतं, आणि त्या ओझ्याखाली जगण्यापेक्षा तुला मरण परवडत होतं. मी म्हटलं, "फेडाला कोनी सांगलंय? मी काय परकी हाय?" तू तोंड भिंतीकडे वळवलंस आणि नाम जपायला लागलास. तुझा जप मी आयुष्यभर ऐकला, झोपताना त्या आवाजाची मला सवय होती. त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं की तुझ्या तोंडावर हात दाबावा.

आता तू म्हणशील, की तुला माझी काळजी होती. मला काही झालं तर जस्सीचं काय, असं वाटलं असेल. असेलही. तुझं माझ्यावर प्रेम होतं याबद्दल मला कधी शंका आली नाही, मूर्ख नाही मी. जस्सीच्या वेळी मी अडलेले होते तेव्हा दवाखान्याबाहेर तू एवढा मोठा माणूस जमिनीवर बसून रडलास, हे मला माझ्या आईने सांगितलंय. पण प्रेम असं एका बाजूनेच करायचं असतं का रे? माझं प्रेम तुझ्या अंगात गेलं असतं तर तुझं काय बिघडलं असतं? तुझी बायको तुझ्याहून मोठी झाली असती, एवढंच. तेवढं तुला सोसलं नाही.

पुढे जंतुसंसर्ग झाला, हृदयावर ताण आला, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की आता ऑपरेशनचा विचार करता येणार नाही. मी भिंतीला धरून उभी होते. तुझ्याकडे पाहिलं, तर तुझ्या चेहऱ्यावर सुटका होती. बरोबर पाहिलं मी. परीक्षा रद्द झालेल्या पोराचा चेहरा असतो तसा तुझा चेहरा झाला होता. सरदार, बाकी सगळं एक वेळ मी विसरेन. तो चेहरा मला रोज दिसतो.

शेवटी शेवटी तुला हात उचलेना. तेव्हा मात्र घ्यावंच लागलं. मी भरवायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे. तुझे केस मी धुवायचे. लग्नानंतर इतक्या वर्षांत तू तुझ्या केसांना मला कधी हात लावू दिला नव्हतास, स्वतः धुवायचास, स्वतः विंचरायचास, आरशासमोर पगडी बांधताना मी नुसती लांबून बघायचे. कंबरेपर्यंत आलेले पांढरे केस, ओले झाले की माझ्या मांडीवर पसरायचे. मी कोमट पाणी घालायचे, तेल लावायचे, गाठी सोडवून जुडा बांधायचे. खरं सांगू? ते दिवस माझे सगळ्यांत सुखाचे होते. तुझं काहीतरी माझ्या हातात आलं होतं. आणि तू काय म्हणायचास? "बस कर, तुझे हात दुखतील." तेव्हासुद्धा! एकदा तर केस धुऊन झाल्यावर तू थरथरत्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागलास. मला वाटलं माया करतोयस. मग लक्षात आलं की तू परतफेड करत होतास. मी तुझा हात खाली ठेवला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

तू सकाळी गेलास. मोबाइलवर गुरबाणीचा पाठ चालू होता, मी चहा ठेवला होता. आत आले तर तू नव्हतास. एवढंच ते. बाकी सगळं गुरुद्वाऱ्यातल्या माणसांनी केलं, आंघोळ घातली, पगडी बांधली, छान बांधली, तू बांधायचास त्याच्यापेक्षा किंचित सैल.

माझ्या माहेरच्या बायका आल्या. थळची मावशी दारातूनच हंबरडा फोडत आली, "सरदारा रं, माझ्या सुगंधीला सोरून कुठं गेलास रं!" आमच्यात असंच रडतात, नाव घेऊन, छाती बडवून. तुमच्याकडच्या बायकांनी तिला धरून हळूच बसवलं. "रोना नहीं, बहनजी. भाणा मानना है." मावशी बिचारी डोळे विस्फारून माझ्याकडे बघायला लागली, आपलं काही चुकलं की काय म्हणून. मी तिला म्हटलं, "रड मावशी. तू रड." आणि मग मीही तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. नंतर तुझी बहीणच येऊन आमच्या शेजारी बसली आणि रडली.

तुझ्यासाठी ठेवलेल्या ग्रंथपाठाची समाप्ती होती, तुमच्यात भोग म्हणतात तो दिवस. गुरुद्वारा भरला होता. बाहेर हायवेला ट्रक लागले होते. एकेक जण उठून बोलत होता. सरदारने माझी गाडी उभी केली, सरदारने माझ्या पोरीचं लग्न लावलं, सरदारने कधी कुणाकडून एक कप चहा फुकट घेतला नाही. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, हरबंस सिंघने भाणा गोड मानला. मी खाली बसले होते, जस्सीने माझा हात धरला होता. ती मला ओळखते. ती म्हणाली, "मम्मी, नको." मी उठले.

माइक माझ्या हातात देताना कुणाला वाटलं असेल, आता वहिनी रडतील. मी मराठीत बोलले, सगळ्यांना समजतं. म्हटलं, "सरदार भाणा मानणारा होता, असं तुम्ही सगळे म्हणता. माझी किडनी त्याला जुळली होती. मी द्यायला तयार होते. त्याने घेतली नाही. तो मेला, तो वरच्याचा हुकूम. तो मी मानते. पण तो नको म्हणाला, तो हुकूम वरच्याचा नव्हता. तो हरबंस सिंघचा होता. तो मी मानत नाही, आणि तुम्ही कुणी मानू नका. तुमच्यातल्या कुणाला उद्या बायकोने, भावाने काही दिलं, तर गुपचूप घ्या."

तुझ्या बहिणीने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, आता कोणीतरी मला खाली बसवेल, मावशीसारखं. ग्यानीजी अरदासीसाठी, शेवटच्या प्रार्थनेसाठी, उठले, गुडघे धरत उभे राहिले. तुमच्यात गेलेल्या माणसासाठी घरच्यांच्या वतीने ग्यानीजी काही मागतात, बहुतेक वेळा त्याच्या चरणी जागा मिळो, असं. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "बीबी, उसके लिए क्या माँगूँ?"

मी म्हटलं, "मागा, की तिथे त्याला कुणी काही दिलं तर त्याने ते घ्यावं. परत करायला बघू नये."

ग्यानीजी वळले, हात जोडले, सगळी संगत उभी राहिली, आणि अरदासीच्या मध्ये, मोठ्या आवाजात, ते म्हणाले, "दाता, अपने हरबंस सिंघ को लेना सिखा." सगळ्यांनी वाहेगुरू म्हटलं. युनियनच्या पुढाऱ्याने म्हटलं, मावशीने म्हटलं, तुझ्या बहिणीने म्हटलं. मीही म्हटलं. माझा राग गेलेला नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही.

आता शिक.